दुबार नाव रद्द

एखादं यंत्र दुरुस्त केल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात एकदाच झाला. ते यंत्र म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळातला स्कॅनर. हसा, हसा. माझी बायकोही हसते. तिला ही गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच.

दोन हजार तीनचा डिसेंबर. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नेटवर्क सांभाळायचो. तेव्हाचं हिंजवडी म्हणजे आजचं नव्हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काचेची एखादी इमारत, आणि कात्रजहून कंपनीची बस तासाभरात पोचायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे थापाड्याकडे बघावं तशी बघतात. आमचं गिऱ्हाईक जर्मन होतं, म्हणून कंपनीनं आम्हा चौघांना जर्मनच्या क्लासला घातलं होतं. दर शनिवारी सकाळी आठ ते दहा. तिथे माझ्या शेजारच्या बाकावर नीरजा बसायची.

पहिल्याच दिवशी मी तिच्याकडे पेन मागितलं. ती म्हणाली, "जर्मनीला पाठवणारी कंपनी पेन देत नाही वाटतं?" पेन मात्र दिलं, आणि क्लास सुटल्यावर आठवणीनं परतही मागितलं. असं अस्सल पुणेरी पाणी. भाषांतराची कामं करायची, सायकल चालवायची, आणि तोंड उघडलं की कोणाची तरी फजिती व्हायची. क्लासनंतर कोपऱ्यावर चहा, मग दुसरा चहा, मग "आता खरंच निघते हं" म्हणत अर्धा तास सायकल हातात धरून उभी राहायची. वर्षभर हे चाललं. मला ती आवडायची, असं म्हणणं म्हणजे उगाच सभ्यपणा झाला. मी सोमवार ते शुक्रवार नुसते ढकलायचो, शनिवार यावा म्हणून.

बोललो मात्र नाही. का, ते सांगतो.

नीरजाची आत्या, मंदाकिनीबाई, ते मंडळ चालवायच्या. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तीन टेबलं, भिंतभर खणांचं कपाट आणि प्रत्येक खणात मुलामुलींची कार्डं. नीरजा दुपारची तिथे पत्रं आणि ईमेल सांभाळायची. डिसेंबर म्हणजे त्यांचा हंगाम. परदेशातली मुलं पंधरा दिवसांची रजा घेऊन यायची, आणि त्या पंधरा दिवसांत बघणं, पसंती, साखरपुडा, लग्न, सगळं उरकून परत जायची. म्हणून मुलींचे फोटो आधीच ईमेलनं पाठवावे लागत. आमच्या कंपनीनं तीन जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, ते मी मंडळाला मिळवून दिले. परवान्यांची कटकट नको म्हणून त्यांवर लिनक्स टाकलं. स्कॅनर एकच होता, तो मंडळाच्या नोंदी तपासणाऱ्या दिगंबरकाकांच्या टेबलावर. तो तिन्ही टेबलांवरून वापरता यावा अशी जोडणी मी दिवाळीत करून दिली.

त्या दिवशी मंदाकिनीबाई भलत्याच खूश झाल्या. म्हणाल्या, "अहो गायकवाड, आपलंही नाव घालू या की रजिस्टरात! उंची आहे, नोकरी आहे, आणखी काय हवं?" आणि कोरा फॉर्म पुढ्यात ओढला. "गायकवाड म्हणजे नेमके कुठले आपण?"

"कात्रजचे."

"तसं नव्हे हो. मूळचे."

"मूळचे सासवडजवळचे."

"हो, पण म्हणजे..." त्यांचं पेन एका रकान्यावर अधांतरी थांबलं होतं. मला राग आला की माझे कान तापतात. तेव्हा ते तापले.

"बौद्ध आहोत आम्ही," मी म्हणालो.

"अगंबाई, हो का! छान, छान." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आमच्याकडे तुमच्यातली स्थळं फारशी येत नाहीत ना, म्हणून आपलं... अजून अर्धा कप घेता ना?"

बाई दुष्ट नव्हत्या हो. दुष्ट असत्या तर मी चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. चहा दिला, चिवडा दिला, चकली दिली. शेजारच्या टेबलावर नीरजाचं टायपिंग थांबलं होतं. खाली उतरताना ती जिन्यात म्हणाली, "सॉरी." मी म्हणालो, "कशाबद्दल?" पण अशा आवाजात म्हणालो, की पुढे काही बोलायची तिची हिंमतच झाली नाही. हा माझा स्वभाव. आई म्हणायची, अनिरुद्धच्या नाकावर राग, आणि नाक मोठं.

त्या घरात आपल्याला रकानाच नाही, असं मी त्या दिवशी मनाशी पक्कं ठरवून टाकलं. नीरजाला विचारलंही नाही. तिच्या वतीनं नकार मीच देऊन टाकला.

वीस डिसेंबर, शनिवार. क्लासला नाताळाची सुट्टी लागली होती. सकाळी दहाला मंदाकिनीबाईंचा फोन आला, "अहो गायकवाड, तुमचं ते यंत्र दहा दिवस संपावर आहे. येता का जरा?" दहा दिवस! आदल्याच शनिवारी नीरजा मला क्लासात भेटली होती, दोन चहा झाले होते, आणि ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. विसरली असेल, असं मला वाटलं. असा मी हुशार.

पोचलो तर मंदाकिनीबाई दारातच उभ्या. "आज काहीही करून तो सुरू झाला पाहिजे. नीरजाचा फोटो पाठवायचाय. मुलगा स्टुटगार्टला इंजिनीअर आहे, सत्तावीसला येतोय. कोणाकोणाला बघायचं ती यादी त्याची आई आज संध्याकाळी पक्की करणार. दहा दिवस हिच्या मागे लागलेय, तर म्हणते स्कॅनर बंद आहे! जगाच्या पोरींची लग्नं जमवते मी, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार."

नीरजा तिच्या टेबलाशी बसली होती. समोर खाकी पाकीट होतं. मी आत आलो तेव्हा तिनं एकदा वर बघितलं, आणि मग पाकिटाचं तोंड उगाच दुमडत बसली. आपण कामाला आलोय, असं स्वतःला बजावून मी खुर्ची ओढली.

तिच्या कॉम्प्युटरवरून स्कॅनर शोधला. सापडला नाही. तिसऱ्या टेबलावरून शोधला. नाही. मग दिगंबरकाकांना विचारलं. दिगंबरकाका म्हणजे पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले कारकून. एकतीस वर्षं रेशनकार्डं तपासली होती. मंडळातही तेच काम, एकाच मुलीचं नाव आईनं एकदा आणि मामानं एकदा नोंदवलं असेल, तर दुबार नोंद शोधून काट मारायची. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "माझ्या टेबलाला काही तक्रार नाही. माझ्याकडे व्यवस्थित चालतोय." आणि एक पत्रिका स्कॅन करून दाखवली.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता आणि त्यानं विचार केला असता. मी इंजिनीअर. मला एवढंच कळलं, की स्कॅनर ठीक आहे, केबल ठीक आहे, म्हणजे दोष नेटवर्कच्या बाजूला.

ती जोडणी कशी असते ते थोडक्यात सांगतो, अवघड नाही. काकांच्या कॉम्प्युटरवर एक पहारेकरी बसवलेला असतो. दुसऱ्या टेबलावरून कोणी स्कॅनर मागितला, की तो दार उघडतो. दारं हजारो, प्रत्येकाला नंबर. पहारेकऱ्याला आपण नंबर सांगत नाही, कामाचं नाव सांगतो. मी नाव सांगितलं होतं 'सेन', स्कॅनर चालवणाऱ्या प्रोग्रामचं. मग तो एका ठरलेल्या यादीत बघतो, 'सेन' म्हणजे दार क्रमांक पासष्टशे सहासष्ट, आणि तिथे जाऊन उभा राहतो. यादीत ते नाव सापडलं नाही, तर तो कुठेच उभा राहत नाही. बरं, बोंबही मारत नाही. आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि गप्प बसतो.

ती ओळ मला सापडली. 'सेन' नावाची सेवा अज्ञात. असं कसं होईल? दिवाळीत तर होती! यादी उघडली. पासष्टशे सहासष्टसमोर एकच नाव होतं, 'सेन-पोर्ट'. मूळ यादीत त्या एका ओळीवर दोन नावं असतात, 'सेन-पोर्ट' हे अधिकृत आणि 'सेन' हे दुसरं. दुसरं गायब. फाईल शेवटची बदलली होती दहा डिसेंबरला, संध्याकाळी पाच चाळीसला. काकांच्या कॉम्प्युटरवरून.

"काका, ही यादी तुम्ही उघडली होती?"

"उघडली होती म्हणजे? तुम्हीच तर दाखवली होती दिवाळीत." काका शांतपणे उठले, कपाटातून लांबडं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि माझ्यासमोर धरलं. लाल शाईनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'दि. १०-१२-०३. संगणक यादी तपासली. क्र. ६५६६ समोर दोन नावे आढळली. दुबार नाव रद्द.' आणि खाली सही.

मी कपाळावर हात मारला. "अहो काका! कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"सांगायला कशाला हवं? एका नंबरावर दोन नावं म्हणजे बोगस. एकतीस वर्षं हेच केलं."

"बोगस नाही हो ते! एकाच सेवेची दोन नावं आहेत. कुठला प्रोग्राम एका नावानं हाक मारतो, कुठला दुसऱ्या. मी जे नाव वापरलं नेमकं तेच तुम्ही कापलंत."

"म्हणजे ऊर्फ?"

"हो, ऊर्फ!"

"मग 'ऊर्फ' असं लिहायला नको?" काका माझ्यावरच डाफरले. "लिहिलं असतं तर मी हात लावला असता का? तुमच्या त्या अमेरिकेतल्या लोकांना साधी नोंद ठेवता येत नाही, आणि जगाचे कॉम्प्युटर चालवतात म्हणे!"

मला राग यायच्या ऐवजी हसू फुटलं. नीरजा हसली नाही. हे मला तेव्हा खटकलं होतं, हे नक्की आठवतं. अशा प्रसंगी ती काकांना सोडणारी नव्हती.

आता दोन मिनिटांचं काम राहिलं होतं. एक तर यादीत 'सेन' परत लिहायचं, नाही तर पहारेकऱ्याला नवं नाव सांगायचं. कसंही करून दोन्हीकडची नावं जुळली, की झालं. माझी बोटं कीबोर्डवर होती आणि मी थांबलो. आज तो स्कॅनर सुरू झाला नाही, तर फोटो जाणार नाही. फोटो गेला नाही, तर संध्याकाळच्या यादीत नीरजा नाही. "मोठा बिघाड आहे, सोमवारी कंपनीतून सामान आणतो," एवढं म्हटलं की पुरे. खोलीत एकालाही कळलं नसतं. दिगंबरकाकांनासुद्धा नाही. शपथेवर सांगतो, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात नीरजानं विचारलं, "आज होईल का रे?"

हळू विचारलं. तिच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा अजिबात नव्हता. आणि मला काय दिसलं? मला दिसली ती घाई. हिला फोटो पाठवायचाय, हिला स्टुटगार्टला जायचंय, म्हणूनच वर्षभर जर्मन शिकत असेल. कान तापले.

"न व्हायला काय झालं?" मी म्हणालो. "दोन मिनिटं."

'सेन' परत लिहिलं. पहारेकऱ्याला उठवून पुन्हा बसवलं. काकांनी रजिस्टरात 'रद्द केलेली नोंद पूर्ववत' असं लिहून माझी सही घेतली, तारखेसकट. मग नीरजाच्या कॉम्प्युटरवरून स्कॅनर शोधला, आणि या वेळी तो सापडला. मंदाकिनीबाईंनी टाळी वाजवली. "आणा तो फोटो!" पाकीट त्यांनीच उघडलं आणि फोटो काचेवर ठेवला. पडद्यावर तो वरून खाली एकेक पट्टी उमटत गेला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. मोतिया रंगाची साडी नेसली होती. मी तिला साडीत कधी पाहिलंच नव्हतं.

"हुशार आहेस," नीरजा म्हणाली.

"निघतो," मी म्हणालो.

पहिल्या मजल्यावर पोचलो असेन, तर मागून चपलांचा आवाज आला. ती धावत उतरत होती. माझ्या दोन पायऱ्या वर थांबली. धाप लागली होती, आणि चेहरा असा, की आता रडेल किंवा मला मारेल.

"अनिरुद्ध, तू काय गाढव आहेस का?"

"का? झाला ना सुरू?"

"काकांच्या टेबलावर तो चालत होता."

"माहीत आहे. म्हणून तर मला कळलं, की दोष..."

"दोष गेला खड्ड्यात!" ती ओरडली, आणि मग वर बघून आवाज खाली आणला. "माझ्या टेबलापासून काकांचं टेबल चार पावलांवर आहे. दहा दिवस. मी उठून तिथे जाऊन फोटो स्कॅन करू शकत नव्हते? आत्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून खपलं. दहा दिवस मी चार पावलं चालले नाही. आणि मागच्या शनिवारी तुला मुद्दाम सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दुरुस्त केला असतास. कळतंय का तुला मी काय म्हणतेय?"

कळत होतं. कसं नाही कळणार? 

"फोटो नुसता स्कॅन झालाय," ती म्हणाली. "पाठवलेला नाही अजून."

आणि ती थांबली. मी बोलावं म्हणून थांबली. जिन्यात कोणी नव्हतं. वरून मंदाकिनीबाईंची हाक आली, "नीरजा, अगं फोन लागत नाहीये इंटरनेटचा!" तरी ती हलली नाही. माझ्या डोक्यात काय काय आलं. तो फॉर्म, ते पेनाचं टोपण, कात्रजचं आमचं घर, माझे बाबा इथे या जिन्यात येऊन कोणापुढे हात जोडून उभे आहेत असं, आणि त्यांना कोणी तरी अर्धा कप चहा देतंय असं. तिचा काय दोष होता त्यात? काहीही नाही. ती तर एकटीच मजलाभर धावत उतरून आली होती, आणि मला एकही जिना चढायचा नव्हता. फक्त तोंड उघडायचं होतं.

मी तोंड उघडलं. म्हणालो, "फाईल मोठी झाली असेल. लहान करून पाठव, नाही तर जाणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि वर गेली. चपलांचा आवाज प्रत्येक पायरीवर वेगळा ऐकू आला.

मी खाली स्कूटरशी उभा राहिलो. वीस मिनिटं तरी उभा होतो. किल्ली लावली, काढली, परत लावली. दोन मजल्यांचा तर जिना. तेवढ्यात वरच्या खिडकीतून तो इंटरनेट जोडल्याचा करकर आवाज आला, त्या काळी यायचा तसा, आणि मग बंद झाला. म्हणजे लाईन लागली.

जानेवारीत तिचं लग्न झालं. आता स्टुटगार्टलाच असते, मुलगा मोठा आहे, सुखात आहे असं ऐकतो. माझंही सगळं चांगलं झालं. बायको चांगली आहे, आणि ही गोष्ट सांगताना मी नेहमी काकांच्या लाल शाईपाशी थांबतो, म्हणून ती पोटभर हसते. तिथून पुढचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. वीस वर्षं झाली, मोठमोठी नेटवर्कं उभी केली, पण कधी एकटा असलो की त्याच जिन्यात उभा असतो, आणि दर वेळी तिला नीट, स्पष्ट, मोठ्यानं म्हणतो, "नको पाठवूस."